लैंगिक आणि रक्तावाटे पसरणाऱ्या आजारांवर पहिलं संशोधन करताना

एमपीएच किंवा एमएसडब्ल्यू करताना, पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागात पीजीला असताना किंवा एखाद्या संस्थेत नव्याने लागल्यावर बऱ्याच जणांच्या वाट्याला एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस यांवरचा एखादा अभ्यास येतो. मग घाईघाईने प्रश्नावली तयार होते, गुगल फॉर्म बनतो आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं की लोक बोलत नाहीत, किंवा बोलतात ते खरं नसतं. मधुमेहाच्या सर्व्हेत माणूस खोटं बोलला तर बहुधा साखरेबद्दल बोलतो. इथे खरं बोलण्याची किंमत नोकरी, घर किंवा संसार असू शकते. म्हणून या क्षेत्रातल्या कामाचा क्रम थोडा उलटा असतो. रक्त कसं काढायचं हे ठरवण्याआधी निकाल कुणाच्या हातात जाणार, त्या माणसाला औषध कुठे मिळणार आणि त्याचं नाव कुठे राहणार, हे ठरवावं लागतं. खालचे टप्पे त्या हिशेबाने लावले आहेत.

पहिला टप्पा: प्रश्न लहान करा

'अमुक तालुक्यातील तरुणांमध्ये एचआयव्हीविषयी जागरूकता' हा विषय कृपया घेऊ नका. असे केएपी सर्व्हे (लोकांना काय माहीत आहे, काय वाटतं आणि ते कसं वागतात हे विचारणारे) ग्रंथालयात रचून ठेवलेले आहेत आणि त्यांचा निष्कर्ष आधीच ठाऊक असतो: जागरूकता कमी आहे, वाढवायला हवी.

त्याऐवजी असा प्रश्न घ्या की ज्याच्या उत्तराने कुणाला तरी उद्या काम बदलावं लागेल. उदाहरणार्थ, एका तालुक्यात वर्षभरात नोंदलेल्या गरोदर महिलांपैकी कितीजणींची सिफिलिस तपासणी पहिल्याच भेटीत झाली? पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी कितीजणींना बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी मिळालं? हा ३० दिवसांचा निकष महत्त्वाचा, कारण त्यापेक्षा उशीर झाला तर आईला दिलेले उपचार बाळासाठी पुरेसे मानले जात नाहीत. या अभ्यासात तुम्हाला कुणाचं रक्त काढावं लागत नाही, रजिस्टरं वाचावी लागतात. पहिल्या कामासाठी मी नेहमी असाच नोंदींवरचा अभ्यास सुचवेन. त्यातून आरोग्य व्यवस्था आतून दिसते, आणि कुठल्या रकान्यात कोण काय मनाने भरतं हेही कळतं.

दुसरा टप्पा: आधी कोणी काय मोजलं ते बघा

आकडा वाचताना एकच प्रश्न विचारायचा: यात कोण मोजलं गेलं आणि कोण सुटलं?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या मात्र ५५ टक्केच होत्या, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. म्हणजे दवाखान्याच्या केसपेपरवरून या गावांचा अंदाज बांधला असता तर बहुतेक आजार कागदावर आलाच नसता. 'ओपीडीत आलेले रुग्ण' आणि 'समाजातला आजार' हे दोन वेगळे आकडे आहेत, हे हा अभ्यास वाचल्यावर परत सांगावं लागत नाही.

दुसरी ओळख करून घ्यायची ती सेंटिनल सर्व्हेलन्सची. नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) १९९८ पासून ठरावीक केंद्रांवर एचआयव्हीचा कल मोजत आली आहे. गरोदर महिलांच्या केंद्रावर ओळीने येणाऱ्या ४०० जणी आणि जास्त जोखमीच्या गटांच्या केंद्रावर २५० जण, अशी त्याची नमुन्याची ठोकळ रीत. यातून एका वर्षाचा अचूक आकडा मिळण्यापेक्षा वर्षानुवर्षांचा चढउतार चांगला दिसतो. देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. ही दोन वाक्यं एकत्र वाचताना गोंधळू नका: प्रमाण ईशान्येकडच्या काही राज्यांत कितीतरी जास्त आहे, आपल्याकडे लोकसंख्याच मोठी आहे.

तिसरा अभ्यास एचपीटीएन ०५२. नऊ देशांतली १७६३ जोडपी, दोघांपैकी एकाला एचआयव्ही. पुणे आणि चेन्नई इथेही त्याची केंद्रं होती. लवकर औषधं सुरू केल्यावर जोडीदाराकडे होणारं संक्रमण ९६ टक्क्यांनी कमी झालं, असं २०११ मध्ये जाहीर झालं. तेव्हापासून उपचार हाच प्रतिबंध मानला जाऊ लागला. तुमच्या अभ्यासात 'पॉझिटिव्ह किती' एवढंच मोजून थांबू नका. औषधावर किती आणि विषाणू दबलेला किती, हेही विचारा.

तिसरा टप्पा: कोणत्या आजारासाठी कोणती तपासणी

नवखे संशोधक सगळ्यात जास्त इथे घसरतात, म्हणून जरा थांबून वाचा.

एचआयव्हीची एक रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस पॉझिटिव्ह ठरत नाही. हिशेब करून बघा. १०,००० लोक, प्रमाण ०.२ टक्के, म्हणजे खरे बाधित २०. टेस्टची स्पेसिफिसिटी (बाधा नसलेल्याला बरोबर निगेटिव्ह दाखवण्याची क्षमता) ९९ टक्के धरली तरी उरलेल्या ९,९८० पैकी सुमारे १०० जण खोटे पॉझिटिव्ह दिसतील. म्हणजे १२० पॉझिटिव्हमध्ये खरे २०. याच कारणाने आयसीटीसीत (एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन टेस्ट झाल्याशिवाय पॉझिटिव्ह रिपोर्ट देत नाहीत. तुमच्या अभ्यासात एकच टेस्ट असेल तर 'रिॲक्टिव्ह' एवढंच लिहा, आणि सहभागी माणसाला एका टेस्टवरून काहीही सांगू नका. शिवाय नुकतंच संक्रमण झालेल्या माणसाची टेस्ट सुरुवातीचे काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, हे समुपदेशनात सांगायलाच हवं.

सिफिलिसमध्ये दोन प्रकारच्या टेस्ट लागतात. आरपीआर किंवा व्हीडीआरएल उपचारानंतर हळूहळू उतरते, पण गरोदरपणात किंवा इतर आजारांतही कधी खोटी पॉझिटिव्ह येते. टीपीएचए नेमकी असते, पण एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांत जन्मभर तशीच राहते. नुसत्या टीपीएचएवरून 'सध्या इतक्या टक्के लोकांना सिफिलिस आहे' असं लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत. त्यातले बरेच लोक वीस वर्षांपूर्वी बरे झालेले असू शकतात. दोन्ही करा, आणि आरपीआरचं टायटर (सीरम किती पातळ करेपर्यंत टेस्ट पॉझिटिव्ह राहते तो आकडा) लिहा. लक्षणं स्पष्ट असूनही आरपीआर निगेटिव्ह आली तर सीरम पातळ करून पुन्हा लावा, कारण अँटिबॉडी फार जास्त असल्या तरी टेस्ट फसते.

हिपॅटायटिस सीची अँटिबॉडीही आजार गेल्यावर राहते. सध्याचं संक्रमण आरएनए टेस्टवरच ठरतं. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) पाहतात, पण लस नुकतीच घेतली असेल तर काही दिवस तीही चुकीने दिसू शकते, तेव्हा लसीची तारीख विचारा.

गोनोरिया आणि क्लॅमिडियासाठी नॅट टेस्ट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) असेल तर लघवी चालते. पण आपल्या लॅबमध्ये सवय 'मिडस्ट्रीम' लघवीची असते, आणि इथे नेमकी उलट, अगदी सुरुवातीची २० ते ३० मिली हवी. आधीचा किमान तासभर लघवीला गेलेलं नसावं. स्त्रियांना स्वतःच योनीतला स्वॅब घ्यायला शिकवलं तर निकाल चांगले येतात आणि तपासणीच्या टेबलावर झोपायची वेळ येत नाही. हा पर्याय असेल तर तोच घ्या.

चौथा टप्पा: किती माणसं, आणि ती कुठे शोधायची

समजा प्रमाण ५ टक्के अपेक्षित आहे आणि २ टक्के इकडेतिकडे एवढीच चूक चालणार आहे. नेहमीच्या सूत्राने ४५६ माणसं येतात. पण वस्त्यांचे गट करून निवडणार असाल तर एका वस्तीतले लोक एकमेकांसारखे असतात, म्हणून संख्या साधारण दुप्पट करावी लागते: ९१२. दहा टक्के लोक नाही म्हणतील असं धरलं तर १,०१३ जणांपर्यंत पोचावं लागेल. गाईडने 'शंभर पुरेत' असं सांगितलं तर हा हिशेब नम्रपणे पुढे ठेवा आणि प्रश्नच बदला. शंभर लोकांत प्रमाण मोजता येत नाही, पण शंभर लोकांच्या औषधाच्या प्रवासाबद्दल खूप काही कळू शकतं.

दुसरी अडचण यादीची. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे यांची मतदारयादीसारखी यादी नसते, आणि नसलेलीच बरी. मग दोन मार्ग उरतात. एक म्हणजे जागा आणि वेळ यांची यादी करायची: कोणत्या नाक्यावर, कोणत्या वारी, किती ते किती वाजता लोक जमतात. त्यातून चिठ्ठी टाकून जागा-वेळ निवडायच्या. दुसरा म्हणजे कूपनची साखळी. सुरुवातीच्या काहींना प्रत्येकी तीन कूपनं देतात, ते आपल्या ओळखीच्यांना पाठवतात, ते पुढच्यांना. यात दोन गोष्टी लिहून घेतल्याच पाहिजेत: कुणी कुणाला आणलं, आणि त्या माणसाच्या ओळखीत असे किती लोक आहेत. या दोन नोंदी नसतील तर नंतर वजनं (कुणाचं उत्तर हिशेबात किती धरायचं ते) लावता येत नाहीत आणि सगळी साखळी नुसती ओळखीपाळखीची माणसं गोळा केल्यासारखी होते. मानधनासाठी तोच माणूस दुसऱ्या नावाने परत येतो, तेव्हा दारावर ओळखीचा पिअर एज्युकेटर (त्याच समाजातला कार्यकर्ता) बसवा. तुम्हाला जे सापडत नाही ते त्याला चेहऱ्यावरून कळतं.

टीआय प्रकल्पाच्या (जास्त जोखमीच्या गटांसोबत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या) यादीतूनच सगळे घेतले तर काम सोपं होतं, पण मग तुम्ही प्रकल्पाने आधीच गाठलेली माणसं मोजता. न गाठलेल्यांचा अभ्यास करायचा असेल तर हा रस्ता बंद समजा.

पाचवा टप्पा: एथिक्स समिती आणि कायदा

डिपार्टमेंट ऑफ हेल्थ रिसर्चकडे नोंदलेल्या एथिक्स समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय पायलटसुद्धा करायचं नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीचा टप्पाही येतो, आणि त्याला लागणारे महिने आधीच वेळापत्रकात धरा.

एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यानुसार चाचणी किंवा संशोधनासाठी माहिती देऊन घेतलेली संमती लागते, आणि कुणाची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करणं, कायद्याने सांगितलेले अपवाद सोडले तर, बेकायदेशीर आहे. निनावी सर्व्हेलन्सला वैयक्तिक संमतीची सूट आहे, तरी अभ्यास कशासाठी आहे हे लोकांना सांगावंच लागतं. ही सूट सोयीची म्हणून तिच्या आड लपू नका.

वयाबद्दल फार सावध राहा. पोक्सो कायद्याखाली अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचा लैंगिक संबंध, संमतीने असला तरी, गुन्हा ठरतो आणि ज्याला ते कळतं त्याच्यावर कळवण्याची जबाबदारी येते. सतरा वर्षांच्या मुलीला तिचं उत्तर गुप्त राहील असं वचन देऊन मग पोलिसांत जाणं, किंवा न जाणं, दोन्ही वाईट. म्हणून प्रौढांवरच्या अभ्यासात वयाची खात्री पहिल्याच प्रश्नात करा, आणि अल्पवयीनांवर काम करायचंच असेल तर काय कळवावं लागेल ते संमतिपत्रात आधी लिहा.

मानधन द्या. दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचे पैसे जातात. फक्त ते इतकं मोठं नको की गरजेपोटी नाही म्हणता येणार नाही.

सहावा टप्पा: निकालाची वाट आधी चालून बघा

मला विचाराल तर अख्ख्या अभ्यासातला हा टप्पा सगळ्यात मोठा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस असलेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं 'बघत' ठेवलं. पेनिसिलिन उपलब्ध झालं तरी दिलं नाही. तो अभ्यास सरकारी आरोग्य खात्याचा होता. आपण तसे नाही, असं म्हणून भागत नाही, कारण टेस्ट केली आणि रिपोर्ट कपाटात राहिला तर त्या माणसापुरता परिणाम तोच.

म्हणून प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी एक दिवस काढा आणि पॉझिटिव्ह आलेला माणूस कसा जाईल ते स्वतः जाऊन बघा. जवळचं आयसीटीसी कुठे, किती वाजता बंद होतं, समुपदेशकाची जागा भरलेली आहे का. एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) किती लांब, एसटी कधी. लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे का आणि तिथे औषधांची रंगांची किट शिल्लक आहेत का: स्राव असेल तर करडं, योनिदाह असेल तर हिरवं, जननेंद्रियावर जखम असेल तर पांढरं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. कधी कधी कपाटात एकच रंग भरपूर असतो आणि हवा तो संपलेला. हिपॅटायटिस बी आणि सीसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आहे आणि त्यात औषधं मोफत मिळतात. तुमच्या जिल्ह्यातलं उपचार केंद्र कोणतं ते विचारून घ्या. एआरटी सेंटरच्या परिचारिकेशी किंवा समुपदेशकाशी आधी बोलून ठेवलं असेल तर चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाला दारात ताटकळावं लागत नाही. १०९७ ही हेल्पलाइन चिठ्ठीवर छापा, पण चिठ्ठीवर 'एड्स' हा शब्द कुठेही नको.

निकाल फोनवर सांगायचा ठरला तर आधी विचारा, हा फोन घरात आणखी कोण उचलतं? सासू उचलत असेल तर काय म्हणायचं, हे त्या बाईलाच ठरवू द्या. आणि लाल रिबिनीचं चित्र असलेली गाडी कुणाच्या दारात उभी करू नका. गल्ली तेवढ्यावरून सगळं ठरवून मोकळी होते.

सातवा टप्पा: प्रश्नावली आणि मुलाखत

इंग्रजी प्रश्नावलीचं शासकीय मराठीत भाषांतर करून ती घेऊन जाऊ नका. 'आपणांस योनिमार्गातून असामान्य स्राव होतो काय?' याला कुणीच हो म्हणणार नाही. अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, खाज येते का, असं विचारा. पुरुषांना लघवीला जळजळ, पू, जखम. जुनी माणसं गरमी, परमा म्हणतील. तेही लिहून घ्या.

'तुम्ही नेहमी कंडोम वापरता का?' याला सगळे हो म्हणतात. 'शेवटच्या वेळी वापरला होता का? आणि शेवटची वेळ कधी?' याला बरंच खरं उत्तर मिळतं. फार नाजूक प्रश्नांसाठी मतपेटीची पद्धत वापरतात, कर्नाटकात ती बरीच वापरली गेली आहे: दहाबारा जणांचा गट, प्रत्येकासमोर आडोसा, प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि उत्तराची चिठ्ठी नाव न लिहिता पेटीत टाकायची. यात कुणाचं उत्तर कुणाचं ते कळत नाही, पण गटाचा आकडा समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा प्रामाणिक येतो.

रक्तावाटे पसरणाऱ्या आजारांचा अभ्यास असेल तर लैंगिक प्रश्नांवरच अडकू नका. गुजरातमधल्या मोडासा इथे २००९ मध्ये हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली ती सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. गेल्या वर्षभरात इंजेक्शन किंवा सलाईन कुठे घेतलं, सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली का, रक्त कधी चढवलं, डायलिसिस, दात काढणं, गोंदण, न्हाव्याकडचं ब्लेड, हे सगळं विचारा. गावात ताप आला की सुई टोचून घेतल्याशिवाय समाधान होत नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. ती सुई नवी होती का, हे शोधायला लागतं.

वस्तीत सकाळी दहाला जाऊन दार वाजवू नका. रात्री काम करणाऱ्या बायका तेव्हा झोपलेल्या असतात. वेळ त्यांना विचारा, आणि मुलाखत चालू असताना घरवाली (कुंटणखान्याची मालकीण) किंवा तृतीयपंथीयांचे गुरू शेजारी बसलेले असतील तर कागद मिटून चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी या.

आठवा टप्पा: सुई टोचली तर

टीममधल्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बी लस काम सुरू होण्याआधी, ०, १ आणि ६ महिन्यांच्या वेळापत्रकाने. लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचली तर धोका साधारण असा धरतात: हिपॅटायटिस बी ३० टक्क्यांपर्यंत, सी ३ टक्के, एचआयव्ही ०.३ टक्के. सगळे घाबरतात ते शेवटच्याला. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही. टोचलीच तर साबणपाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, स्पिरिट ओतू नका. एचआयव्हीसाठीची पेप (संसर्ग होऊ नये म्हणून टोचल्यानंतर घ्यायची) औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस घ्यायची असतात. ती रविवारी रात्री कुठे मिळतील याचा पत्ता प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

नववा टप्पा: डेटा आणि अहवाल

नाव आणि कोड जोडणारी यादी एकाच वहीत, कुलपात, डेटापासून वेगळी. ती व्हॉट्सॲपवर कधीही पाठवायची नाही, गाईडने मागितली तरी. लॅपटॉप पासवर्डने बंद, आणि अभ्यास संपल्यावर यादी कधी नष्ट करणार हे समितीला लिहून द्या आणि त्या तारखेला ती खरंच नष्ट करा.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही. 'अमुक गावातली ३४ वर्षांची विधवा अंगणवाडी सेविका' हे नावच आहे. छोट्या गावांचे आकडे एकत्र करून तालुक्याचा द्या, पाचपेक्षा कमी आकडे असलेले रकाने झाका. वस्तीचं नाव अहवालात यावं का हे वस्तीतल्या लोकांना विचारा. एका मथळ्यानंतर त्यांच्या मुलांना शाळेत काय ऐकावं लागेल हे त्यांना तुमच्याहून चांगलं माहीत असतं. पत्रकाराशी बोलताना टक्केवारीबरोबर एकूण किती जणांची तपासणी झाली हेही सांगा, आणि बातमीत कोणता फोटो लागणार ते आधी विचारून घ्या. आणि जर्नलला पाठवण्याआधी निष्कर्ष मराठीत दोन पानांत लिहून पिअर एज्युकेटरना वाचून दाखवा. 'हे असं नाही, मॅडम' असं ते एखाद्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, तर तो तक्ता पुन्हा तपासा.